गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारावं का?

वडगावकर: आमच्या गल्लीत एकाने मुधोळ जातीचा कुत्रा आणलाय. जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरतो. मालक लगेच मारायला पट्टा काढतो, "घरात मालक कोण ते कळू दे." माझ्या मते हे उलटं आहे. गुरगुरून कुत्रं आधी सांगतं. मारून ते बंद केलं तर भीती आतच राहते, पुढच्या वेळी न सांगता थेट दात. त्यापेक्षा लांबूनच जाता-येता ताटलीत मटणाचा तुकडा टाका. माणूस आला की घास जात नाही, वाढतो, हे त्याला कळायला वेळ लागतो, पण कळतं. तोवर पोरांना तिकडं फिरकू देऊ नका.

खानापूरचा शेतकरी: शहरातले लाड हे. आमचं घर शिवारात, रात्री डुकरं येतात, कधी अस्वल. कुत्रं तापटच पाहिजे की! पण मालकावर गुरगुरलं तर काठी. कळपात म्होरक्या एकच असतोय.

वडगावकर: मामा, ती म्होरक्याची गोष्ट लांडग्यांचे अभ्यासक शेंकेल यांनी 1947 साली कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवरून मांडली. पुढे दुसरे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे ती सगळीकडे गेली. त्याच डेव्हिड मीच यांनी 1999 साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. आणि कुत्रं काय लांडगा नव्हे.

निपाणीची ताई: तुमचं भांडण चालू द्या, पण शांत कुत्रं अचानक चिडकं झालं तर आधी जनावरांच्या डॉक्टरांकडं न्या. आमची पॉमेरियन डोकं एका अंगाला कलतं धरायची, कानाशी हात नेला की दात दाखवायची. सासूबाई म्हणाल्या, माजलीय. कानात गवताचं कुसळ निघालं, भोवती पू. त्यावर काठीचा काय उपयोग झाला असता?

खानापूरचा शेतकरी: कुसळाचं मान्य. सगळ्या कुत्र्यांच्या कानात कुसळ नसतंय.

हिंडलग्याचा काका: मुधोळ सशामागं पळायला घडलेलं कुत्रं. त्याला दिवसभर दोन हात साखळीला बांधायचं आणि चिडतोय म्हणायचं? सकाळ-संध्याकाळ पळवा आधी. आणि चावलाच तर जखमेवर चुना-हळद लावत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्र्याला रेबीजची लस दिली होती म्हणून घरी बसायचं नाही.

खानापूरचा शेतकरी: बरं. डुकरामागं गेलेलं कुत्रं हाका मारून येत नाही, त्याला काय भाकरी दाखवू?

वडगावकर: होय की मामा. किती का उशिरा येईना, आल्यावर भाकरीच. आल्या-आल्या काठी खाल्लेलं कुत्रं दुसऱ्यांदा कशाला येईल?

खानापूरचा शेतकरी: बघतो. काठी मात्र हातात असणारच, अस्वलाला भाकरी चालत नाही.