सुरुवातच गंडली, तरी डाव सावरला: तुमचे अनुभव सांगा

माळरान

परवा भाचा सिव्हिलायझेशन ६ चा (कॉम्प्युटरवर आळीपाळीने शहरं वसवत साम्राज्य वाढवायचा खेळ, आमच्यात नुसतं सिव्ह) नवा डाव लावत होता. नकाशा उघडला की दोन सेकंद बघायचा आणि म्हणायचा, "नदी नाही, रीस्टार्ट." पुन्हा नकाशा, पुन्हा "डोंगर नाहीत, रीस्टार्ट." एकट्याने खेळताना चालतं हे. मित्रांबरोबर खेळताना मात्र पाच जण मुश्किलीने जमलेले असतात, कुणाचं बाळ नुकतंच झोपलेलं, कुणाची सकाळची शिफ्ट. तिथे मिळेल ती जमीन आपली. आणि मला मनापासून वाटतं की असे डावच वर्षानुवर्षं लक्षात राहतात.

त्याला एक जुना डाव सांगितला, तोच इथे लिहितो. मी भारत घेतला होता, चंद्रगुप्त. सेटलर, म्हणजे शहर वसवणारी तुकडी, उतरला तो कोरड्या सपाट पठारावर. नदी नाही, तळं नाही, समुद्र तर दूरच. खेळणाऱ्यांना माहीत आहे, गोडं पाणी असेल तर शहराला ५ हाउसिंग (लोकांना राहायची जागा) मिळतं, नसेल तर फक्त २. राजधानीला राजवाड्याचं आणखी १. म्हणजे ३ वर गाडं अडलं. लोकसंख्या तिथवर आली की वाढ आधी निम्मी होते, मग जवळपास थांबतेच. बाकी चौघं नदीकाठी ऐसपैस पसरत होते.

त्यात रानटी टोळीचा स्काउट (टेहळ्या) येऊन माझं शहर बघून गेला. तो तळावर परत पोचला की धाड येणारच. त्याला सोडायचं नाही एवढंच डोक्यात होतं. योद्ध्याने वाट अडवली आणि गोफणवाल्याने त्याला टेकडीच्या पायथ्याशी टिपला. गोफणवाल्याने कुणाला मारलं की धनुर्विद्येचा युरेका मिळतो, म्हणजे ४० टक्के संशोधन फुकट. त्या डावात हाताला लागलेली ती पहिली चांगली गोष्ट.

मग सगळा भर सिंचनावर. कारण भारताची खास बांधणी म्हणजे बारव! एका बारवेला १ अन्न, १ हाउसिंग, शेजारी शेत असेल तर आणखी अन्न. टेकडीवर बांधता येत नाही, आणि माझ्याकडे टेकड्या जवळजवळ नव्हत्याच. दोन बारवा एकमेकींना लागून चालत नाहीत, म्हणून मध्ये शेत, पुन्हा बारव, पुन्हा शेत अशी रांग लावली. धान्याचं कोठार बांधलं, त्याचं २ हाउसिंग. त्या रखरखीत माळावर शहर वाढायला लागलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

पहिल्या युगाअखेर युगगुण (पराक्रमाचे गुण) कमी पडले आणि अंधारयुग आलं. तेही पथ्यावर पडलं, कारण अंधारयुगानंतर पुरेसे युगगुण जमवले की थेट वीरयुग मिळतं आणि एकाऐवजी तीन संकल्प (त्या युगापुरत्या सवलती) निवडता येतात. शेजारी रोम होता. त्याच्या तलवारबाजांसमोर मी वारू हत्ती आणले. त्यांना घोड्यांची खाण वगैरे काही लागत नाही, घोडेस्वारीचं तंत्र पुरतं, आणि शेजारच्या घरातला शत्रू ५ ने कमजोर होतो. रोमची दोन शहरं घेतली. दोन्ही नदीकाठची.

डाव जिंकला रशियावाल्याने, विज्ञानावर. मी दुसरा. पण त्याचं यान सुटेपर्यंत तो माझ्याकडेच बघत होता.

तुमचे असे डाव सांगा. सिव्हच हवं असं नाही. आळीपाळीने खेळायचा कुठलाही डोक्याचा खेळ चालेल.

शेंगदाणा

पहिली मी! बारवांचं वाचून मस्त वाटलं. आमच्यात सगळे रोम घ्यायला तुटून पडतात, भारत कुणी घेतच नाही. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

फास्ट लोकल

पॉलिटोपिया, फोनवरचा असाच छोटा खेळ. रोज गाडीत एक-दोन टर्न. ऑनलाइन डावात टर्नला २४ तास मिळतात म्हणून बरं पडतं.

एका डावात चिंचोळ्या बेटावर जन्म. गाव एकच आणि ते मी घेतलेलं. बाकीच्यांची चार-पाच शहरं झाली. पण यात एक गोष्ट आहे जी नवीन लोकांना कुणी सांगत नाही. तंत्रज्ञानाची किंमत तुमच्या शहरांच्या संख्येवर ठरते. पायरी गुणिले शहरं, अधिक ४. म्हणजे तिसऱ्या पायरीचं तंत्रज्ञान एकच शहर असताना ७ स्टारला (स्टार म्हणजे खेळातला पैसा), पाच शहरं असली की १९ ला. मग गरिबाने काय करावं? शहरं वाढायच्या आधी तंत्रज्ञान घेऊन ठेवावं. मी तेच केलं. नौकानयन घेतलं आणि त्यांच्या रिकाम्या किनाऱ्यांवर उतरलो. दादर आलं, उतरतो.

फास्ट लोकल

हो आणि शहर दुसऱ्या पातळीला गेलं की कार्यशाळा आणि शोधक यातलं एक निवडावं लागतं. छोट्या बेटावर कार्यशाळाच. दर टर्नला १ स्टार कायमचा. शोधक पाण्याकाठी घुटमळत बसतो.

अबोली

कटान!! पटावरचा खेळ, आमच्याकडे दर दिवाळीत. जमिनींवर आकडे असतात, फाश्यांत आपल्या वस्तीशेजारचा आकडा पडला की मालाचे पत्ते मिळतात.

चार जणांत शेवटची बसले. शेवटच्याला दोन्ही वस्त्या लागोपाठ मांडाव्या लागतात आणि तोवर ६ आणि ८ चे सगळे कोपरे गेलेले. माझ्या वाट्याला २ आणि १२. दोन फाश्यांत ते ३६ पैकी एकदाच पडायचे, ६ किंवा ८ पाचदा. पहिला अर्धा तास हातात पत्तेच नाहीत. दीर म्हणाले, वहिनी तुम्ही चहा टाका तोवर. मी म्हटलं तुम्हीच टाका, माझी पाळी येतेय. टाकला त्यांनी!

पण ७ पडला की लुटारू कुणावर बसतो? जो पुढे आहे त्याच्यावर. माझ्याकडे तो फिरकलाच नाही. शिवाय ७ ला सातपेक्षा जास्त पत्ते असले तर निम्मे टाकावे लागतात, तोही फटका दुसऱ्यांना. आणि देवघेवीत सगळे मला हसत हसत द्यायचे, की हिला एक मेंढी दिल्याने काय होतंय. त्या मेंढ्या, थोडं धान्य, थोडा धातू, असं जमवून विकासपत्र घेत राहिले. तीन सरदार उघडले, सर्वात मोठं सैन्य माझं, २ गुण. बघता बघता ९ झाले. शेवटी जाऊबाईंनी जिंकायला लागणारे १० केले, पण त्या फेरीत सगळे माझ्या हाताकडे डोळे लावून होते.

माळरान

अबोलीताई, हेच! तीन-चार जण खेळत असले की मागे पडलेल्याकडे कुणाचं लक्ष नसतं. माझ्या कोरड्या माळावर पहिली पन्नास-साठ टर्न कुणी चालून आलंच नाही, घेऊन करायचं काय त्या जमिनीचं! दोघांच्या खेळात ही सवलत नाही मिळत.

सारीपाट

दोघांच्या खेळावरून आठवलं, बुद्धिबळातला गुकेश. २०२४ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात पहिलाच डाव हरला, तोही पांढऱ्या मोहऱ्या हातात असताना. तिसरा जिंकून बरोबरी. अकरावा जिंकला, बारावा लगेच हरला. आणि चौदाव्या, शेवटच्या डावात डिंग लिरेनला हरवून ७.५ विरुद्ध ६.५. रात्रीचं जेवण तसंच ठेवून मुलाखती बघितल्या होत्या आम्ही.

पोहेवाला

@सारीपाट त्यात सुरुवात वाईट म्हणजे स्पर्धेची. पटावर दोघांना सारखंच मिळतं ना. इथे जमीनच वेगळी मिळण्याबद्दल चाललंय.

सारीपाट

मान्य. तरी लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

ऑरेंजसिटी

मग आमच्या दिव्या देशमुखचंही लिहा की! २०२५ चा महिला विश्वचषक, बातुमी, अंतिम फेरीत कोनेरू हंपी समोर. टायब्रेकमध्ये जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. नागपुरात लोक ढोलताशे घेऊन विमानतळावर.

शेंगदाणा

कुकर झाला, पोळ्या व्हायच्यात, पटकन लिहिते. सिव्हचाच डाव. आमच्या गटात मी एकटी मुलगी. टुंड्रात जागा मिळाली. बर्फ, दोन हरणं आणि मी. एक जण म्हणाला, तू सोड आता, आमचा वेळ जातो तुझ्या टर्नमध्ये. खूप लागलं ते.

मी सोडलं नाही. अरोराचा पॅन्थिऑन (धर्माची पहिली श्रद्धा-सवलत) घेतला, म्हणजे पवित्र स्थळाला लागून टुंड्राच्या जितक्या टाइल तितकी श्रद्धा जास्त. इतरांना नको असलेली जमीन माझ्याकडे ढिगाने. मग सुवर्णयुग आलं तेव्हा स्मारकवृत्तीचा संकल्प घेतला आणि त्या श्रद्धेने सेटलर विकत घेतले, एकामागून एक. प्रॉडक्शन लागतंच नाही! ज्याने सोड म्हटलं होतं त्याच्या सीमेला लागून माझं पाचवं शहर बसलं. तो डाव मी जिंकले. धर्मावर.

अबोली

शाब्बास गं!! वाचताना हात शिवशिवले.

पोहेवाला

कडक. त्याला परत खेळायला घेऊ नका. किंवा घ्या, आणि शेजारीच बसवा 😄

मिरजकर

आमच्या पिढीचं हीरोज ३, कॉम्प्युटरवरचा आळीपाळीने लढायचा खेळ. १९९९ चा गेम. मामाकडे एकच कॉम्प्युटर आणि आम्ही चार भावंडं. एकाने खेळायचं, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं. चोरून बघितलं तर आंबा बंद.

मला रॅम्पार्ट नावाचं शहर आलं आणि लाकडाची गिरणी पार दुसऱ्या टोकाला. दिवसाला २ लाकडं देते ती, पण ताब्यात असेल तर ना. किल्ल्याला बरीच लाकडं लागतात. बाजारात धातू देऊन लाकूड घ्यावं तर एकाच बाजारावर भाव इतका वाईट की विचारू नका. तेव्हा ताईने (मामेबहीण, आता मोठी इंजिनिअर) कानात सांगितलं, पहिल्याच दिवशी २५०० मोहरा देऊन खानावळीतून दुसरा नायक घे. तो स्वतःचं सैन्य घेऊन येतो. ते सगळं पहिल्याच्या हाती दे आणि मोकळा झालेला दुसरा रस्त्यावर पडलेली लाकडं, धातू गोळा करत फिरू दे. इमारतीत पैसे घालायच्या आधी हे.

आणि दुसरी युक्ती तर सोन्यासारखी. शत्रूचं शहर आठवड्याच्या सातव्या दिवशी घ्यायचं. दुसऱ्या दिवशी नवा आठवडा, नवे सैनिक तयार, आणि ते भरती करणार आपण. धाकट्याचं कॅसल नावाचं शहर मी असंच घेतलं. पाठ फिरवून बसला होता बिचारा. वळून बघितलं तर शहरावर माझा झेंडा. मामी आतून ओरडली, कोण रडतंय?

फास्ट लोकल

आंबा बंद 😂 आमच्याकडे रिमोट जप्त व्हायचा

ऑरेंजसिटी

मिरजकर, आता ते जुनं हीरोज नव्या लॅपटॉपवर चालतं का?

मिरजकर

माझ्याकडे चालतं. अधूनमधून भाऊ येतात तेव्हा लावतो. आता भिंतीकडे तोंड करून मोबाइल बघतात सगळे.

आजोळ

मुलांनो, मी तुमचे गेम खेळलेले नाही पण वाचायला आवडलं. आम्ही नवकंकरी खेळायचो. शहाबादी फरशीवर खडूने पट, एकीकडे नऊ चिंचोके, एकीकडे नऊ खडे. तीन एका ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. आमच्या आत्याबाईंचे चिंचोके सुरुवातीला भराभर जायचे. पण तीनच उरले की आमच्याकडे त्यांना कुठेही उडी मारायची मुभा असायची, आणि मग त्या काही आटपायच्या नाहीत! आपल्या गाभाऱ्यासमोरच्या दगडी फरशीत असे पट कोरलेले पुष्कळ देवळांत दिसतात, बघा कधी.

माळरान

आजोळ काकू, फारच छान लिहिलंत. उडीची मुभा तर आजच्या गेमवाल्यांनीही घ्यावी अशी आहे. सगळं हरत आलेल्याला हालचालीचं स्वातंत्र्य जास्त!

रेवा

डब्लिनहून. आम्ही पुण्याच्या मैत्रिणींशी सिव्ह क्लाउडवर (ऑनलाइन, सवडीने) खेळतो, टर्न झाला की दुसरीला सूचना जाते. एकेक डाव महिनोन्महिने. याचा मागे पडलेल्याला फायदाच. विचार करायला दिवस मिळतो, आणि मधल्या वेळात खासगीत बोलणी करता येतात. मला शेजारणीने दाबून ठेवलं होतं. मी तिसरीला लिहिलं, हिने मला संपवलं की पुढची तू. तिने दुसऱ्या बाजूने मोर्चा उघडला आणि माझ्या दारातलं सैन्य तिकडे वळलं. गोफण सोडा, त्या डावात माझ्याकडे धड योद्धासुद्धा नव्हता. शब्दांवर टिकले.

सारीपाट

बोलणी हा मुद्दा महत्त्वाचा. सिव्हमध्ये शहरराज्यांकडे (कुणाही खेळाडूची नसलेली छोटी राज्यं) दूत पाठवणंही त्यातलंच. लहान असताना एखाद्या शहरराज्याचं अधिपत्य मिळालं तर त्यांचं सैन्य पैसे देऊन वापरता येतं. माझा एक डाव त्यावरच तरला.

ऑरेंजसिटी

नवशिक्याचा प्रश्न. सिव्ह ६ फोनवर आहे का? लॅपटॉप मुलीच्या अभ्यासाला जातो.

पोहेवाला

आहे. आयफोनवर २०१८ पासून, अँड्रॉइडवर २०२० पासून. पण फोन तापतो, आणि अक्षरं बारीक. टॅबलेट असेल तर बघा.

ऑरेंजसिटी

टॅबलेटही तिच्याकडेच 🙏

शेंगदाणा

पॉलिटोपिया घ्या मग, फोनसाठीच बनलेलं आहे. बार्दूर टोळी घ्या सुरुवातीला, शिकार पहिल्यापासून येते त्यांना.

माळरान

एक विचारतो. शनिवारी रात्री साडेनऊला सिव्हचा डाव लावूया का? रेवाताईंची तेव्हा दुपार असेल. अट एकच, रीस्टार्ट नाही. भाचाही येतोय.

रेवा

चालेल. तेव्हा मोकळी आहे.

शेंगदाणा

मी आहे. भारत कुणी घेऊ नका, मला बारवा बांधायच्यात.

मिरजकर

शनिवारी लग्न आहे घरात. रविवारी केलं तर येतो, बघा.

फास्ट लोकल

रविवारी मेगाब्लॉक, मी घरीच. रविवार करा.