विषय: कपडे कोणी विणले ते कळेल असा ब्रँड आहे का?

नमस्कार मंडळी,
लेकीसाठी टी-शर्ट आणला, त्यावर मोठ्ठं 'इको' लिहिलंय आणि टॅगवर नुसतं हिरवं पान, ना नंबर ना काही. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून ११०० च्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक कपडे शिवणारी, तेव्हापासून स्वस्त कपडा हातात घेतला की ते आठवतंच. कोणाला खात्रीचं ठिकाण माहिती असेल तर सांगा ना.
– लोकमान्यनगर, इंदूरहून

---

अगं, बरं विचारलंस. नुसत्या पानाला काही अर्थ नाही. जीओटीएसचा, म्हणजे ऑरगॅनिक कापडाच्या जागतिक मानकाचा शिक्का असेल तर खाली लायसन्स नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून कंपनी निघते का ते बघायचं. 'ऑरगॅनिक' लिहायला ९५ टक्के धागा तसा लागतो आणि कामगारांच्या अटीही त्यात येतात. पण २०२० मध्ये आपल्याच देशातल्या २०,००० टन कापसाची सर्टिफिकेटं खोटी निघाली हेही त्यांनीच जाहीर केलं, म्हणून मला कागदापेक्षा डोळ्यांनी पाहिलेलं बरं वाटतं.

आणि आपल्याला लांब कुठे जायचंय, महेश्वर दोन-अडीच तासांवर आहे. किल्ल्यात रेहवा सोसायटी या विणकरांच्या संस्थेचे माग चालू असतात, आणि विमेनविव्ह नावाची संस्था आहे, त्यांच्या गुडी मुडी प्रकल्पात बायका अंबर चरख्यावर, म्हणजे अनेक चात्यांच्या चरख्यावर, सूत काततात. मागावर बसलेल्या बाईशी नीट बोल, साडीमागे मजुरी किती, किती दिवस लागतात, आजारी पडलं तर काय, त्या मोकळेपणी सांगतात गं. आणि रंगाचं पाणी कुठे सोडता हे नक्की विचार, समोर नर्मदा आहे.

मी एकदा प्रदर्शनातून 'हातमाग' म्हणून माहेश्वरी घेतली, घरी उलटी केली तर काठामागे कापलेले धागे लोंबत होते, म्हणजे ती यंत्रमागाची निघाली. खरी बुगडी, म्हणजे दोन्हीकडून सारखा काठ असलेली माहेश्वरी, दोन्ही अंगांनी नेसता येते. पैसे गेले ते गेले, पण विणणारीच्या नावावर भलत्यानेच कमावलं, ते फार लागलं. आपल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांचंच बघ, मिल बंद पडून तीस वर्षं उलटली तेव्हा कुठे डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्या थकलेल्या पैशांचा चेक निघाला, किती जण तोवर राहिलेच नाहीत. म्हणून मजुरीचं आधी विचारावं, रंग-डिझाइन नंतर.

टी-शर्टच हवा असेल तर गोव्याचा नो नॅस्टीज ब्रँड आहे, ऑरगॅनिक आणि फेअर ट्रेड (म्हणजे बनवणाऱ्याला रास्त मोबदला) दोन्ही. महाग आहे, पण लहान मुलांना कमीच घ्यावेत, धुऊन-धुऊन वापरावेत.
– रामबागची काकू

---

काकू, टॅग परत पाहिला, आतल्या शिवणीतसुद्धा नंबर नाही. या रविवारी सहाला निघून महेश्वरला जातोय, गाडीत दोन जागा आहेत, तुम्ही याच, आणि ती काठाची साडी बरोबर घ्या, लेकीला मागची बाजू दाखवायची आहे.