कार्ड इस्पितळापुरतं, पुढे काय?
'सत्तरीनंतर आयुष्मान कार्ड मिळतं, मग म्हाताऱ्यांची चिंता कसली' हे पटलं नाही. ते कार्ड इस्पितळात दाखल झाल्यावरचं. देवगडकडच्या वाडीत अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलायला, डायपरला पैसे कोण देणार? मुलगा चाकरमानी, आणि बाई ठेवायची तर आधी मिळायला हवी ना!

जर्मनीत हा प्रश्न नॉर्बर्ट ब्लूम या कामगारमंत्र्यांनी लावून धरला. गृहस्थ मूळचे ओपेल कारखान्यातले टूलमेकर. १९९५ पासून तिथे सक्तीचा शुश्रूषा विमा, म्हणजे अशा रोजच्या देखभालीच्या खर्चाला हातभार लावणारा विमा आहे, हप्ता कामगार-मालक दोघांचा. मालकांचा बोजा भरून काढायला सॅक्सनी हे एक राज्य सोडून देशात सगळीकडे एक सणाची सुट्टी रद्द केली. (इथे गणपतीची सुट्टी मागून बघा!) जपानमध्येही २००० पासून असा विमा आहे, चाळिशीपासून हप्ता भरायचा.