रावणाच्या मिशा पुळणीवर लावायच्या आहेत: बी की फुटवे, आणि कधी?

माडवाडी:
वेंगुर्ल्याजवळ आमच्या माडांपुढे वाळूचा जुना उंचवटा आहे, लांबी साधारण 40 मीटर. पुढची कड ढासळतेय आणि माणसं-गुरं वरून जाऊन मध्ये खिंड पडलीय. शेजारच्या पुळणीवर रावणाच्या मिशा (वाळूवर पसरणारं टोचरं गवत) भरपूर आहेत. बी टाकावं की फुटवे लावावेत? पावसात लावलं तर लाटा नेतील ना? काहीजण सुरूची झाडं लावा म्हणतात.

पुळणकाठ:
फुटवेच लावा. बियांचा भरवसा नाही. वाऱ्यावर गडगडत जाणारे ते काटेरी गोळे मादी झाडाचे असतात. या गवतात नर-मादी झाडं वेगळी असतात, म्हणून फुटवे चार-पाच वेगवेगळ्या जागांवरून घ्या. एकाच झाडाचे घेतले तर पुढे बी कधीच धरणार नाही.

वाळूवर पसरलेली आडवी खोडं बघा. एखादं पेर वाळूखाली गेलं असेल तिथे पांढरी मुळं सुटलेली दिसतील. असा 3-4 पेरांचा, शेंडा असलेला तुकडा कापा. समुद्राकडच्या कडेवरून घेऊ नका, मागच्या उतारावरून घ्या, तेही तीन खोडांतलं एकच. पानांची टोकं सुईसारखी टोचतात, हातमोजे लागतील. तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा.

पहारीने तिरकं भोक पाडा, निदान दोन पेरं 15-20 सेंमी खाली जाऊ द्या, शेंडा बाहेर ठेवा आणि पायाने घट्ट दाबा. सगळ्यात जास्त रोपं मरतात ती वरवर लावल्यामुळे. उघडीप पडली की वरची वाळू तापून कोरडी होते, ओल असते ती खालीच. 60 सेंमी अंतरावर चार ओळी, ओळीतल्या रोपांतही तेवढंच अंतर, एकीची रोपं दुसरीच्या फटीसमोर. 40 मीटरला साधारण 270 तुकडे, शिवाय नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला 50-60.

माथा आणि मागचा उतार जुलैत लावा. पुढची कड मात्र गणपतीनंतर: तोवर लाटा मागे हटू लागतात, पुळण पुन्हा भरू लागते, वाळूत ओल असते. पाऊस थांबला तर तीन-चार आठवडे एक दिवसाआड गोडं पाणी. शेणखत नको, त्याने तण माजतं.

मर्यादवेल:
सुरूबद्दल: दाट सावली आणि सुयांचा थर यांच्याखाली गवत-वेली टिकत नाहीत, आणि लाटेने पाया खाल्ला की झाडं आडवी होतात. पुढच्या कडेवर तरी नकोच. मिशांमध्ये मर्यादवेल घाला, दर तिसऱ्या जागी. ती झपाट्याने पसरून वाळू झाकते, आणि मागून मिशा वाळू अडवून उंची वाढवतात. वाळू अंगावर पडत राहिली तरच हे गवत जोमात येतं.

खिंड नुसत्या रोपांनी बुजणार नाही. तिथे वाऱ्याला आडवं झावळ्यांचं मीटरभर उंच कुंपण घाला, निम्मं उघडं, वारा आरपार जाईल असं. भरीव घातलंत तर वारा बुडाशी घुसून वाळू उकरतो. जुनी मासेमारीची जाळी अजिबात वापरू नका, कासवं अडकतात.

पुळणकाठ:
कासवांचा मुद्दा महत्त्वाचा. ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला वर येतात. कुंपण सलग नको, तुकड्यातुकड्यांत आणि फक्त खिंडीत. उधाणाच्या रेषेजवळची मोकळी वाळू तशीच सोडा, तिथे दाट लागवड नको.

माडवाडी:
आणि वाट? लोक तर जाणारच.

मर्यादवेल:
एकच वाट ठेवा, ती सरळ नको. तिरकी काढा, म्हणजे खारा वारा थेट आत शिरणार नाही. पायांखाली काथ्याची चटई किंवा फळ्या घाला. गुरांसाठी बाजूला बांबूचं कुंपण. इथे चुकलात तर बाकीची मेहनत एका हंगामात तुडवली जाईल.

पुळणकाठ:
आधी एक तपासा, काका. कड वाऱ्याने झिजतेय की लाटेने? उभी, कापल्यासारखी भिंत दिसत असेल तर लाट खातेय. पावसाळ्यात तुटलेली पुळण फेब्रुवारीपर्यंत भरून येत असेल तर गवत उपयोगी पडेल. जवळ खाडीचं मुख सरकलंय किंवा दगडी बंधारा झालाय आणि वाळू परतच येत नाही, अशी स्थिती असेल तर गवत थोपवू शकणार नाही. दर महिन्याला माडाच्या ठरावीक बुंध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. आणि उंचवटा सपाट करून वाळू खाली ओढू नका. वाळूचे उंचवटे सीआरझेड-1 अ मध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वात संवेदनशील वर्गात येतात. ग्रामपंचायत आणि वनविभागाशी लागवडीआधीच बोलून घ्या.