शब्दचर्चा: सिरीयल पोर्टला मराठीत काय म्हणायचं? आणि पाइप 'टाकायचा' की 'जोडायचा'?

मी जळगावला पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. काल व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरे कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) दोन व्हीएमचे, म्हणजे अशा आतल्या दोन मशीनचे, सिरीयल पोर्ट एकमेकांना जोडायचे होते, फळ्यावर 'अनुक्रमी द्वार' लिहिलं तर वर्ग गप्प, मग एक पोरगी म्हणे सर, टीव्हीच्या सिरीयलसारखं का? धड शब्द सुचवा भाऊ.

—

पोरगी बरोबर बोलली सर. रोज एक भाग, एकामागून एक, तोच अर्थ. इथे बिट जातात तसे, एकाच तारेवरून, भुसावळच्या यार्डातनं मालगाडीचे डबे निघतात ना तसे. आपल्या अहिराणीत 'एकना मांगे एक'. जुन्या प्रिंटरचा रुंद पोर्ट होता तो पॅरलल, ८ बिट ८ तारांवरून एकदम. सिरीयलला 'क्रमिक' चालेल मला, पण पोर्टचं 'बंदर' कोणी करू नका, पोर्ट पोर्टच राहू द्या.

—

भो, खरी गोची 'कनेक्ट' शब्दात आहे. आमची केळी आहे, ठिबक करताना मेन लाइन आधी *टाकतो*, मग तिला लॅटरल (बारीक नळ्या) *जोडतो*, ही दोन वेगळी कामं, इंग्रजीत दोन्हीला कनेक्टच. व्हीएमच्या सेटिंगमध्ये पोर्ट मोड होस्ट पाइप (दोन मशीनमध्ये डेटा वाहणारी सॉफ्टवेअरची नळी) ठेवायचा, दोन्हीकडे पाइपचं नाव एकच द्यायचं, आणि 'आधीच्या पाइपला जोडा' अशा अर्थाची जी टिक आहे ती पहिल्या मशीनला काढायची, दुसरीला ठेवायची. म्हणजे पहिली पाइप टाकते, दुसरी जोडते. सुरूही पहिलीच आधी करायची. दोघींना टिक ठेवली तर जोडायला पाइपच नसतो, मशीन चालूच होत नाही, एरर येते. मी यात अख्खी संध्याकाळ घालवली आहे म्हणून सांगतो, 'टाकणे' आणि 'जोडणे' हे दोन शब्द वेगळे ठेवाच.

—

आज तसंच शिकवलं दादा. पहिल्या लिनक्सवर टीटीवायएस-० (लिनक्समधलं सिरीयल पोर्टचं नाव) वर कॅट (आलेलं दाखवणारी कमांड) लावून ठेवलं, दुसरीवरून इकोनं (दिलेले शब्द सोडणारी कमांड) 'राम राम' सोडलं, पहिलीच्या काळ्या स्क्रीनवर उमटलं. विंडोजमध्ये जो कॉम-१ तोच लिनक्सचा टीटीवायएस-०, एकाची मोजणी १ पासून, दुसऱ्याची ० पासून, हेही पोरांना सांगावं लागलं. टीटीवाय म्हणजे टेलिटाइपरायटर, तारेवरून अक्षरं छापणारं जुनं यंत्र, नाव तेवढं उरलं. फळ्यावरचं 'अनुक्रमी द्वार' पुसलं, आता वर्गात एक 'टाकणारी' अन् एक 'जोडणारी' मशीन असंच चालू आहे.