मदत हवी आहे: तुडतुड्याच्या नरात काटा तुटला की मुळातच नाही?

जांबोटीजवळ (ता. खानापूर) ऐनाच्या एकाच झाडावरून जाळीने झोडून तुडतुड्याचे तीन नर, सात माद्या मिळाल्या. मिळालेल्या कुठल्याच वर्णनाशी जुळत नाहीत, म्हणून नवी जात म्हणून वर्णन लिहायला घेतलंय.

तिघांचं पोट वेगळं करून १० टक्के कॉस्टिक पोटॅशच्या (KOH) द्रावणात रात्रभर ठेवलं, पाण्यात धुऊन ग्लिसरीनमध्ये पाहिलं. दोघांच्या एडिगसच्या (नराच्या समागमाच्या अवयवाच्या) टोकाला मागे वळलेल्या काट्यांची जोडी आहे. तिसऱ्यात डावा काटाच नाही! ४०० पटीत तुटकी कड दिसत नाही, पण हा नमुना पोटॅशमध्ये जास्तच मुरला, काचेसारखा झालाय. पायगोफर आणि स्टाइल (जननेंद्रियाचे इतर भाग) तिन्हींत सारखेच.

माद्या सध्या बाजूला ठेवल्यात; त्याच झाडावर दुसरी मिळतीजुळती जात आहे, उगाच पॅराटाइपमध्ये (मुख्य नमुन्यासोबत वर्णनात नोंदवलेल्या बाकीच्या नमुन्यांत) घुसायची. डीएनएची सोय नाही, नवे नमुने पुढच्या पावसाळ्याशिवाय नाहीत. होलोटाइप (जातीच्या नावाचा आधार ठरणारा मुख्य नमुना) भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत जमा करायचा आहे, तो अर्थातच जोडी शाबूत असलेला नर.

क्लोराझोल ब्लॅकने रंगवलं तर इतक्या पारदर्शक झालेल्या नमुन्यात काट्याचं बूड दिसेल का? किती पातळ द्रावण, किती मिनिटं? आणि तरीही उलगडा झाला नाही, तर तिसरा नर पॅराटाइप धरावा की वगळावा?