हुकमी औषध, पास डॉक्टर आणि शिग्राम : जुन्या जाहिरातींतले शब्द

विचारणा

इंग्रजी अमदानीतली मराठी वर्तमानपत्रं चाळताना जाहिरातींत काही शब्द पुन्हापुन्हा भेटतात. औषधांच्या बाबतीत ‘हुकमी’, ‘अकसीर’, ‘सालसा’, ‘टपालहशील निराळें’. प्रवासाच्या मजकुरात ‘शिग्राम’, ‘डाक’, ‘टप्पा’. संदर्भावरून अर्थाचा अंदाज येतो, पण तो अंदाजच राहतो. आणखी एक शंका : ‘पेटंट औषध’ म्हणजे सरकारने पारखून मान्यता दिलेलं औषध, असंच समजायचं ना?

उत्तर

शंकेपासूनच सुरुवात करतो, कारण जाहिरातदारांना तुम्ही तसंच समजायला हवं होतं.

इंग्लंडच्या राजाकडून एखाद्याला हक्क किंवा मक्ता मिळे तो ‘लेटर्स पेटंट’ने. म्हणजे आपल्याकडची सनद. पेटंट या शब्दाचा मूळ अर्थ ‘उघडं’. कोणीही वाचावं असं, लखोट्यात बंद न केलेलं पत्र. अठराव्या शतकात तिकडे काही औषधांना अशा सनदा मिळाल्याही होत्या. पण पुढे पेटंट घ्यायचं तर कृती उघड करणं भाग पडू लागलं आणि गुप्त कृतीवर चालणाऱ्या धंद्याला ते कसं परवडणार? म्हणून बहुतेक ‘पेटंट’ औषधांना पेटंट नव्हतंच. नाव, बाटली, वेष्टन, मालकाची सही एवढंच काय ते राखलेलं. ब्रिटनमध्ये अशा औषधांवर सरकारी कर होता आणि तो भरल्याची छापील पट्टी बाटलीला चिकटवत. ती कराची पावती. पण गिऱ्हाइकाला तो सरकारी शिक्का वाटला तर विकणाऱ्याचं काय जातं? अर्थाने उघडा असलेला शब्द झाकलेल्या मालाला चिकटला तो असा.

झाकलेलं काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 साली अशा बऱ्याच औषधांचं पृथक्करण करून छापलं. ‘डबीला गिनीचं मोल’ अशी ज्यांची जाहिरात होई त्या बीचमच्या गोळ्यांत निघालं काय, तर कोरफडीचा सुकवलेला रस (आपला काळा बोळ), सुंठ आणि साबण. थोडक्यात, जुलाब. कोलिस ब्राउनच्या क्लोरोडाइनचा मामला मात्र वेगळा. हिंदुस्थानात फौजेत नोकरी केलेल्या डॉक्टरचं ते औषध. त्यात अफू, क्लोरोफॉर्म आणि भांगेचा अर्क. पटकीवर, हगवणीवर, खोकल्यावर ते धडाक्याने खपलं आणि दुखणं खरोखर थांबल्यासारखं वाटे, कारण अफूने तसं वाटतंच. नकली माल इतका झाला की खटला कोर्टात गेला; 1864 साली न्यायाधीश पेज वुड यांनी मूळ शोध ब्राउनचाच असं म्हटलं. मग काय, ते न्यायाधीशच वर्षानुवर्षं जाहिरातीत उभे!

मराठीत ‘पेटंट’चं पुढे जे झालं ते मला अधिक गमतीचं वाटतं. ‘त्याचं पेटंट उत्तर’, ‘काकांचा पेटंट विनोद’ असं आपण म्हणतो, तेव्हा हक्क-मक्ता काहीच मनात नसतं. ‘दर वेळी तेच’ एवढाच अर्थ. हा अर्थ औषधाच्या बाटलीतून आला असावा असा माझा कयास आहे. वैद्य माणूस बघून पुडी बांधणार. पेटंट बाटली सगळ्यांना सारखीच.

आता ‘हुकमी’. अरबी ‘हुक्म’वरून आपला हुकूम आणि त्यावरून हुकमी : हुकूम सोडावा तसं, न चुकता घडणारं. पत्त्यांतला हुकमी एक्का याच घरचा. ‘अकसीर’सुद्धा अरबी, ‘इक्सीर’वरून, किमयागारांचं ते सोनं करणारं, मरण टाळणारं द्रव्य. तोच शब्द युरोपात जाऊन ‘इलिक्झर’ झाला. म्हणजे विलायती इलिक्झर आणि देशी अकसीर ही एकाच शब्दाची दोन रूपं. ‘रामबाण’ सांगायला नकोच.

हे तीन आणि पेटंट असे चारही शब्द एका ओळीत मांडून बघा. हुकूम दरबाराचा, बाण रामाचा, इक्सीर किमयागाराचं, सनद राजाची. यांतला एकही वैद्याचा नाही. वैद्याच्या तोंडचे शब्द निराळे होते : गुण, पथ्य, अनुपान, उतार. औषधाचा ‘गुण येतो’ किंवा येत नाही. ते ‘लागू पडतं’ किंवा पडत नाही. कधी औषधापेक्षा वैद्याचा हातगुण मोठा. तीच मात्रा तुळशीच्या रसातून एका दुखण्यावर, मधातून दुसऱ्यावर, आल्याच्या रसातून तिसऱ्यावर. ज्यातून घ्यायची ते अनुपान. वर आंबट-तेलकट वर्ज्य, म्हणजे निम्मी जबाबदारी रोग्याच्या गळ्यात. वैद्याची सगळी भाषा अशी ‘जर-तर’ची. जाहिरातीने नेमका हा ‘जर’ काढून टाकला, आणि पथ्याची गरज नाही हे तर तिला मोठ्या अक्षरांत सांगण्यासारखं वाटलं. नाही म्हणायला ‘गुण न आल्यास पैसे परत’ या वाक्यात वैद्याचा शब्द शिल्लक राहिला, पण तिथे त्याला किंमत लावलेली आहे.

सालसा, धातू, आतंक

‘सालसा’चा नाचाशी संबंध नाही. सार्सापरिला या अमेरिकेतल्या मुळीचं पोर्तुगीज नाव ‘सालसापारिल्या’; त्याचं शेपूट तोडून सालसा. रक्तशुद्धीचं औषध म्हणून ते जगभर खपलं. आपल्याकडे त्या कामाला उपळसरी, म्हणजेच अनंतमूळ, होतीच. इंग्रजांनी तिला ‘इंडियन सार्सापरिला’ म्हटलं. वनस्पती दोन, घराणीही वेगळी. त्यामुळे देशी कारखान्याच्या ‘सालसा’ नावाच्या बाटलीत कुठली मुळी होती ते नावावरून ठरवू नये.

‘रक्तशुद्धी’चा रोख बहुतेक वेळा गरमी आणि परमा या लैंगिक रोगांकडे असे. पैकी पहिली म्हणजे उपदंश. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तिला ‘फिरंगरोग’ म्हटलं आहे, फिरंग्यांबरोबर आली म्हणून. यातलं काही जाहिरातीत उघड लिहायचं नसेल तर ‘गुप्तरोग’. ‘धातुपौष्टिक’ मात्र जरा तपासून घ्यावा असा शब्द आहे. आयुर्वेदात धातू सात : रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. जाहिरातींनी पहिले सहा गाळले. आज ‘धातू जाणे’ म्हटलं की जो एकच अर्थ कळतो, त्यात या जाहिरातींचा वाटा मोठा आहे.

‘आतंकनिग्रह’ हे जामनगरच्या नावाजलेल्या गोळ्यांचं नाव. आजच्या वाचकाला ते पोलिसी खात्यातलं वाटेल. पण संस्कृतात आतंक म्हणजे रोगसुद्धा. चरकाने रोगाचे जे पर्याय दिले आहेत त्यांत व्याधी, आमय, गद यांच्या जोडीला आतंक आहे.

देशी कारखानदारांचा लाडका शब्द अमृत. मुंबईत 1893 साली निघालेलं अमृतांजन, लाहोरची अमृतधारा, गिरगावच्या डोंगऱ्यांचं बालामृत. यांतल्या ‘अंजन’ची गंमत अशी की संस्कृत धातूचा अर्थ नुसता माखणं, चोपडणं. मराठीत ते डोळ्यांपुरतं उरलं. हे नाव ठेवणारे काशीनाथुनी नागेश्वरराव तेलुगू, त्यांना मराठी वाक्प्रचाराची अडचण वाटायचं कारण नव्हतं. (हे अंजन कोणी डोळ्यांत घालू नये.)

‘टपालहशील’ म्हणजे टपालखर्च. हशील हे अरबी ‘हासिल’. वसूल, कर, फायदा या अर्थांचं. कराचा अर्थ आता मावळला. ‘त्यात काय हशील?’ या प्रश्नात फायदा तेवढा राहिला. टपालाचा उल्लेख इतका ठळक असण्याला कारण आहे. 1854 पासून देशभर पत्राला अंतर न पाहता सारखा दर झाला आणि 1877 पासून व्ही. पी. सुरू झाली. पैसे आधी न पाठवता बाटली दारात येऊ लागली. गुप्तरोगाच्या औषधाला तर गावातल्या कोणाला तोंड दाखवायची गरज नाही, हा केवढा फायदा!

आणखी एक विचारणा

डॉक्टरांच्या नावापुढे ‘जी. जी. एम. सी.’ दिसतं. ही पदवी की संस्था?

उत्तर

दोन्ही. ‘ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज’. कॉलेज 1845 चं, पहिली तुकडी बाहेर पडली 1851 साली आणि तिच्यात भाऊ दाजी होते. मुंबई विद्यापीठ 1857 चं, तेव्हा त्याआधीच्या मंडळींना विद्यापीठाची पदवी लावणार कुठून? पुढे विद्यापीठाचं एल. एम. अँड एस. (लायसेन्शिएट ऑफ मेडिसिन अँड सर्जरी) आलं. लोकांना ही अक्षरं उलगडत नसत, म्हणून बोलण्यात ‘पास डॉक्टर’. पास नसलेलेही पुष्कळ होते हे त्यातच आलं. नोंदणीची कायदेशीर चौकट मुंबई इलाख्यात 1912 च्या कायद्याने बसली. तोवर अक्षरं जुळवण्याला फारशी आडकाठी नव्हती. वैद्यांकडे अक्षरं नव्हती, तिथे ‘राजवैद्य’ आणि ‘भिषग्वर्य’ आले. संस्थानं इतकी होती की कुठल्या ना कुठल्या राजाचा वैद्य होणं अशक्य नव्हतं.

जागेचे शब्दही बघा : दवाखाना फारसी, इस्पितळ पोर्तुगीज, आणि रुग्णालय संस्कृतातून घडवलेलं. इस्पितळ बोलण्यातून जात चाललंय याचं मला वाईट वाटतं. चांगला रुळलेला शब्द होता.

शिग्राम, डाक, टप्पा

शिग्राम ही चार चाकांची, पेटीसारखी बंद गाडी. मुंबईकडचा शब्द. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यातले शब्द देणाऱ्या 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशाने त्याचं मूळ मराठी ‘शीघ्र’मध्ये दाखवलं आहे. म्हणजे शब्द आपल्याकडून इंग्रजांकडे गेला, तिकडे त्याला शेवटी ‘म’ मिळाला असावा आणि तो परत आला. तिच्या जोडीला दमणी (हलकी बैलगाडी), छकडा, बग्गी, मेणा, डोली. टांगा दोन चाकी, पाठीला पाठ लावून बसण्याचा. ‘कोच’ हा शब्द मराठीत गाडीसाठी टिकला नाही. कोचवान, कोचमन तेवढे राहिले. दिवाणखान्यातला कोच दुसऱ्याच इंग्रजी शब्दाचा.

‘डाक’ म्हणजे नुसतं टपाल असं वाचलं तर प्रवासाच्या जाहिरातीचा अर्थ लागत नाही. वाटेत ठरावीक अंतरावर ताजे घोडे किंवा ताजे भोई आधीच उभे करून ठेवण्याची व्यवस्था म्हणजे डाक. त्या व्यवस्थेने पत्रंही जात आणि माणसंही. म्हणून प्रवाशांसाठी डाकबंगला. जिथे बदली होई ती जागा, आणि दोन जागांमधलं अंतरही, टप्पा.

मुंबई-पुणे घ्या. होडीने पनवेल, तिथून गाडीने खोपोली, मग बोरघाट, वर खंडाळा, पुन्हा गाडी. घाटातला गाडीरस्ता 1830 साली झाला. आगगाडी आली तीही तुकड्यांनी : 1856 मध्ये खोपोलीपर्यंत, 1858 मध्ये खंडाळा ते पुणे, आणि मधला घाट 1863 मध्ये. मधली पाच वर्षं दोन्हीकडे रूळ आणि मध्ये पालखी, तट्टू नाहीतर गाडी. रेल्वेने घोडागाडी संपवली हा समज त्यामुळे अर्धवट वाटतो. रेल्वे आली तसं स्टेशनापासून पुढचं काम टांग्याला मिळालं : वाठारहून महाबळेश्वर, नांदगावहून औरंगाबाद आणि वेरूळ.

औषधाच्या रकान्यातून नजर या रकान्यावर आणली की भाषेतला फरक जाणवतो. निघायची वेळ, भाडं, बरोबर किती वजन नेता येईल, जागा आधी ठरवावी लागेल. सगळ्या अटीच. वैद्याची ‘जर-तर’ची भाषा औषधाच्या रकान्यातून हद्दपार झाली आणि टांग्याच्या रकान्यात नांदत राहिली. कारण उघड आहे : टांगा न सुटल्याचं प्रवाशाला त्याच दिवशी कळतं. धातुपौष्टिकाचं तसं नाही.

जाता जाता

‘टपाल’ आणि ‘टप्पा’ सख्खे का, असा प्रश्न पुढे येईलच. कानाला तसं वाटतं, पण हॉब्सन-जॉब्सननेही टपालचं मूळ अंधूकच ठरवलं आहे, तेव्हा ठामपणे जोडू नये. टप्पा मात्र प्रवासात अजून टिकून आहे. घोडे गेले, तरी एस. टी.चं भाडं टप्प्यावरच आकारतात; सहा किलोमीटरचा एक टप्पा. आणि एस. टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 ला निघाली ती पुणे-नगर रस्त्यावर.